तबकडीवर नसलेली नावे

काही महिन्यांपूर्वी आमच्या विभागातील एका स्नेहमेळाव्यात जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम झाला. गायन संपल्यावर अध्यक्षस्थानावरून बोलताना एका वयोवृद्ध वक्त्यांनी आपली खंत व्यक्त केली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : मोबाईलने आणि फुकटच्या सवयीने संगीताचा व्यवसाय नासवला, तबकडीचा काळ सचोटीचा होता, त्या काळी कलावंताला मान होता आणि त्याच्या घामाला दाम होते. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. वक्ते आदरणीय आहेत आणि त्यांचे संगीतप्रेम निर्विवाद आहे. तथापि त्यांचे म्हणणे इतिहासाला धरून नाही, हे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगणे मला भाग आहे.

ध्वनिमुद्रित संगीताच्या व्यापारातील मूळ अन्याय मोबाईलने आणलेला नाही. तो या व्यापाराच्या जन्मापासून त्याच्या सोबत आहे. ज्याने गायिले, वाजविले, स्वरलेखन केले त्याचे नाव वगळायचे आणि नाव नाही म्हणून हक्कही नाही असे म्हणायचे, ही त्या अन्यायाची रीत आहे. नाव छापणे ही केवळ मानपानाची बाब आहे, असे आपण समजत आलो. माझे म्हणणे असे की नाव हाच हक्काचा पुरावा असतो आणि म्हणूनच ते गाळले गेले.

आरंभ पाहू. लंडनची ग्रामोफोन कंपनी १८९८ साली स्थापन झाली. चारच वर्षांनी, नोव्हेंबर १९०२ मध्ये, तिचे ध्वनिमुद्रणतज्ज्ञ फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान या विख्यात गायिकेचा आवाज मुद्रित केला. गायनाच्या अखेरीस ती आपले नाव इंग्रजीत उच्चारते, हे त्या तबकड्या ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. पुष्कळांना तो कलावतीचा ठसका वाटतो. वस्तुस्थिती अधिक रुक्ष आहे. मुद्रित साचे जर्मनीतील हॅनोव्हरला जात, तेथे तबकड्या छापल्या जात, आणि कोणता साचा कोणाचा हे तेथील कामगारांना कळावे म्हणून नाव मोठ्याने सांगण्याची पद्धत होती. म्हणजे आपल्या देशातील तबकडीवरचा हा नामोच्चार कारखान्याच्या सोयीसाठी झाला. आणि सारंगिये व तबलजी? त्यांची नावे सांगण्याची कारखान्याला गरज नव्हती. ती सहसा लेबलवरही आली नाहीत. त्यांची बोटे त्या तबकडीत आहेत, नावे नाहीत.

व्यापार झपाट्याने वाढला. १९०८ साली कलकत्त्यातील सियालदा येथे तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. १९२८ मध्ये दमदमचा मोठा कारखाना उभा राहिला. लाखेची ती काळी तबकडी, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे, एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. घराघरांत कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र पोहोचले. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने रंगविलेला तो निपर नावाचा कुत्रा धन्याचा आवाज ऐकतो आहे, अशी त्या चित्राची कल्पना. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ हे नाव आपण इतक्या प्रेमाने उच्चारले की त्याचा अर्थ विचारण्याचे राहूनच गेले. या धंद्यात आवाज एकाचा होता व धनी दुसराच होता.

हे माझे शब्दच्छल नव्हेत. कायद्यानेच तसे लिहून ठेवले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रिकेचा ‘कर्ता’ कोण, याचे उत्तर असे होते : ज्या मूळ साच्यावरून ती तयार झाली त्या साच्याचा, तो तयार होतेवेळचा, मालक. गाणारी व्यक्ती कर्ता नव्हे, वाजविणारी नव्हे. साच्याची मालकी ज्याची तो कर्ता. मूर्तिकाराला बाजूस सारून दगडाच्या खाणमालकाला शिल्पकार म्हणावे, तसाच हा प्रकार.

गायकांची अवस्था काय होती? १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील ज्या गाण्याने लता मंगेशकर यांचा आवाज देशभर पोहोचला, त्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी हे पडद्यावरील पात्राचे नाव! प्रत्यक्षात गाणारी मुलगी लेबलवर नव्हतीच. पुढे गायकांनी आग्रह धरला व तबकडीवर, श्रेयनामावलीत त्यांची नावे येऊ लागली. हा बदल कोणाच्या उदारतेने झाला नाही. भांडून झाला, हे विसरू नये.

नाव मिळाल्यावर स्वाभाविकच दुसरा प्रश्न उभा राहिला : विक्रीतील वाट्याचा. १९६० च्या दशकात या प्रश्नावरून लता मंगेशकर व महंमद रफी यांच्यात मतभेद झाले आणि काही काळ दोघांनी एकत्र गाणे थांबविले. गायकाला तबकडीच्या विक्रीवर सतत रॉयल्टी मिळावी, ही लताबाईंची भूमिका. एकदा ठरलेले मानधन घेतले की गायकाचा हिशेब संपला, ही रफीसाहेबांची. रफीसाहेबांच्या निर्लोभीपणाविषयी कोणाला शंका नाही. परंतु त्यांच्या सौजन्याचा लाभ कोणाच्या तिजोरीत जमा झाला, हे विचारल्याशिवाय त्यांच्या भूमिकेचे गोडवे गाणे भाबडेपणाचे ठरेल.

येथे एक युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. घर बांधणाऱ्या गवंड्याला मजुरी मिळते; पुढे घरमालक भाडे घेतो, त्यात गवंडी वाटा मागतो काय? मग व्हायोलिनवादकाने का मागावा? शिवाय बहुसंख्य तबकड्या तोट्यात जातात. तो तोटा कंपनी सोसते, वादक नव्हे.

युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण त्यातील उपमाच चुकीची आहे. गवंड्याने बांधलेले घर एकच राहते. शेजारच्याला घर हवे असेल तर त्याला पुन्हा गवंडी बोलवावा लागतो. तबकडीचे तसे नाही. वादकाच्या एका दुपारच्या कामाच्या लक्षावधी प्रती निघतात आणि त्यासाठी त्याला पुन्हा बोलवावे लागत नाही. किंबहुना ज्या हॉटेलात, ज्या लग्नमंडपात, ज्या नाट्यगृहात त्याला काम मिळाले असते तेथे आता त्याचीच तबकडी वाजते. त्याने वाजविलेले गाणे त्याच्याच पोटावर पाय आणते. गवंड्याच्या विटा त्याच्या पुढच्या कामाशी अशी स्पर्धा करीत नाहीत.

आणि धोका पत्करणाऱ्याला नफा हवा, हे मान्य. पण सर्वच नफा त्याचा, हे कोठून आले? दुसरा मार्ग शक्य होता, याचा दाखला इतिहासात आहे. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. युद्धाचे दिवस होते, लोकमत विरोधात होते, तरी वादक हटले नाहीत. १९४४ च्या अखेरीस सर्वांत मोठ्या कंपन्यांनीही अट मान्य केली : विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे ठराविक रक्कम वादकांच्या निधीत जमा होईल आणि त्यातून बेकार झालेल्या वादकांना काम मिळेल. त्या तडजोडीने कंपन्या बुडाल्या नाहीत. उलट त्यानंतरच्या दोन दशकांत त्यांची भरभराटच झाली. म्हणजे वाटा देणे अशक्य नव्हते. आपल्याकडे तो द्यावासा वाटला नाही, इतकेच.

आता आपल्या अधिक जवळच्या विषयाकडे येतो. हिंदी चित्रपटसंगीताच्या ज्या काळाला आपण सुवर्णकाळ म्हणतो, त्याच्या वाद्यमेळात गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा फार मोठा भरणा होता. याचे कारण सरळ आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकविले जाई. आपल्या अभिजात परंपरेत संगीत कानाने शिकण्याची रीत. स्वर कागदावर उतरवून तीस-चाळीस वादकांना एकाच वेळी वाजवायला लावण्याची विद्या मुंबईच्या स्टुडिओंना हवी होती, आणि ती या मुलांपाशी होती. रेइस मागुशचे सेबास्टियन डिसोझा यांनी वर्षानुवर्षे शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी अनेक संगीतकारांसाठी ते काम केले. हळदोण्याचे आंतोनिओ झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, सी. रामचंद्र यांच्यासोबत होते. ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड यांनी स्टुडिओतील कामानंतर ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले.

हे लोक नेमके काय करीत? संगीतकार चाल देई. त्या चालीपूर्वीचा वाद्यमेळ, दोन कडव्यांमधील स्वरावली, गायकाच्या आवाजाखालून वाहणारी व्हायोलिनची दुसरी धून, यांतले पुष्कळसे संयोजकाच्या लेखणीतून उतरे. गाणे आठवताना आपण पुष्कळदा शब्दांआधी तो वाद्यमेळच गुणगुणतो. तरीही चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संयोजकाची कधीमधी ‘साहाय्यक’ म्हणून एक ओळ येई. तबकडीच्या लेबलवर तीही नसे. वादकांना पाळीप्रमाणे पैसे मिळत व ते घरी जात.

यातील सर्वांत मोठी विसंगती कायद्यातच होती. १९५७ च्या त्याच कायद्यात ‘संगीतकृती’ची व्याख्या अशी होती की स्वररचना छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे आलेखित असली पाहिजे. कागदावर नाही ते संगीत कायद्याला दिसत नव्हते! ही व्याख्या १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत टिकली. आता सुज्ञ वाचकांनीच विचार करावा : कायद्याला कागद हवा होता, पुष्कळशा गाण्यांचा कागद हे संयोजक लिहीत होते, आणि कायद्यापुढे ज्यांची ओळखच नव्हती तेही हेच होते. त्यांच्या हस्ताक्षराने दुसऱ्याचा हक्क सिद्ध व्हावा, त्यांचा स्वतःचा होऊ नये.

अर्थात त्या हक्काचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. मार्च १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी संगीत वा गीत करवून घेतले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास पहिला मालक निर्माताच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालास जोडलेल्या स्वतंत्र टिपणात गायकाच्या बाजूने खंत नोंदविली : गाण्याला रूप देणाऱ्या गायकाला आपल्या कायद्यात कोणताच हक्क नाही. ते टिपण निकाल बदलू शकत नव्हते. त्याच वर्षी, मे महिन्यात, ‘अमर अकबर अँथनी’ प्रदर्शित झाला. प्यारेलाल यांनी आपले व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव त्यातील एका गाण्यात कृतज्ञतेने गुंफले. नातवंडांपासून आजोबांपर्यंत सारा देश ते नाव गाऊ लागला आणि ते एका जिवंत माणसाचे नाव आहे, हे जवळजवळ कोणालाच माहीत नव्हते. शिष्याने आपले ऋण फेडले, त्याला वंदन असो. परंतु शेकडो तबकड्यांवर ज्याचे नाव असायला हवे होते, त्याचे नाव अखेर एका विनोदी प्रसंगातील पात्राला मिळाले, यात आपल्या व्यवस्थेची लाज आहे.

यानंतर कॅसेट आली. १९६३ साली फिलिप्सने युरोपात काढलेली ती छोटी डबी १९८० च्या दशकात आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचली. गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने स्वस्त कॅसेट काढून जुन्या मक्तेदारीला हादरा दिला. विहित नोटीस व मोबदला देऊन जुनी गाणी नव्या आवाजात मुद्रित करण्याची कायद्यातील मुभाही भरपूर वापरली गेली. मी या कालखंडाला सरसकट नावे ठेवणार नाही. भजने, लोकगीते, कोंकणी कांतारे, आपली भक्तिगीते यांना बाजारात जागा मिळाली ती कॅसेटमुळेच. मोठ्या कंपनीच्या दारात उभे न राहता कोणाही मंडळाला आपली कॅसेट काढता येऊ लागली. मालक बदलले, मालक वाढले. रीत मात्र तीच राहिली. ती रीत आपल्या हातात आली तेव्हा आपणही ती बदलली नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९९ च्या नाताळासाठी माझ्या तेव्हाच्या धर्मग्रामात आम्ही एक कॅसेट काढली. तेथे एक वृद्ध व्हायोलिनवादक होते. आयुष्य मुंबईच्या स्टुडिओंत गेलेले. निवृत्तीनंतर रविवारच्या मिस्सानंतर मुलांना वाद्य शिकवीत. आमच्या दहा गीतांचे सारे वाद्यसंयोजन त्यांनी केले. रात्री जागून प्रत्येक वाद्याचा कागद स्वतंत्र लिहिला, दोन महिने मुलांची तालीम घेतली. कॅसेट आली. वेष्टनावर धर्मग्रामाचे नाव होते, संकल्पना म्हणून माझे नाव होते, गायनवृंदाचे नाव होते, देणगीदार दुकानाचे चिन्हही होते. ते वेष्टन त्यांनी उलटसुलट करून पाहिले. मी म्हणालो, “अंकल, घाईत राहून गेलं. दुसऱ्या आवृत्तीत नक्की घालू.” ते शांतपणे म्हणाले, “फादर, स्टुडिओत चाळीस वर्षं असंच होतं. देवळात तरी वेगळं असेल, असं वाटलं होतं.” दुसरी आवृत्ती निघाली नाही. ते आता हयात नाहीत. कंपन्यांवर टीका करण्याचा मला अधिकार किती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यापाशी आहे. म्हणूनच हा प्रसंग येथे लिहिणे मला आवश्यक वाटले.

कायदा पुढे सुधारला नाही काय? सुधारला. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणाला प्रथमच हक्क दिला. मात्र चित्रपटासाठी एकदा संमती दिली की तो हक्क संपे. २०१२ च्या दुरुस्तीने मोठे पाऊल टाकले. गीतकार व संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीतील समान वाटा करारानेही सोडून देता येणार नाही, असे ठरले. सादरकर्त्यालाही व्यापारी वापराबद्दल रॉयल्टी मान्य झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी या दुरुस्तीचा हिरिरीने पुरस्कार केला, त्याबद्दल ते अभिनंदनास पात्र आहेत.

परंतु त्याच दुरुस्तीतील एक उपवाक्य वाचून मी थबकलो. त्याचा आशय असा : चित्रपटात ज्याचे सादरीकरण प्रासंगिक वा आनुषंगिक स्वरूपाचे आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या प्रथेनुसार ज्याचा श्रेयनामावलीतसुद्धा उल्लेख होत नाही, तो ‘सादरकर्ता’ मानला जाणार नाही. आपल्या सादरीकरणाची विकृती रोखण्यापुरताच हक्क त्याला राहील. प्रथा कोणी पाडली? धंद्याने. नाव कोणी गाळले? धंद्याने. आणि आता नाव गाळण्याची प्रथा आहे, हीच गोष्ट हक्क नाकारण्याच्या कारणांत मोजली जाते. लेखाच्या आरंभी मी म्हटले की नाव हाच हक्काचा पुरावा असतो. तो माझा तर्क नव्हता, कायद्याची अट होती. अँथनी गोन्साल्विस जानेवारी २०१२ मध्ये निवर्तले. दुरुस्ती त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमलात आली. ते असते तरी त्यांच्या संयोजनाला या कायद्याने काय दिले असते, हा प्रश्न उरतोच.

याउलट युरोपीय संघाने २०११ साली ध्वनिमुद्रणावरील हक्कांची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेताना अट घातली की वाढीव काळातील उत्पन्नाचा वीस टक्के भाग, एकरकमी पैसे घेऊन गेलेल्या साथीच्या वादकांसाठी राखून ठेवावा. त्यांची आठवण ठेवून कायदा लिहिता येतो, हे यावरून दिसते.

आज गाणी मोबाईलवर वाहत येतात. लेबलवर चार ओळींपुरतीच जागा होती, ही सबब तबकडीच्या काळी देता येत असे. आज अमर्याद जागा आहे. तरी गाण्याखाली गायक, संगीतकार, गीतकार एवढीच नावे बहुधा दिसतात. आणि आता यंत्र कोणाचाही आवाज हुबेहूब काढू लागले आहे. २०२४ साली अरिजित सिंग यांना आपल्या आवाजाच्या अशा वापराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाकडून अंतरिम संरक्षण मिळाले, ते योग्यच झाले. पण ज्याचे नाव कुठेच नोंदलेले नाही त्या व्हायोलिनवादकाच्या हाताची नक्कल यंत्राने केली, तर तो कोणत्या तोंडाने न्यायालयात जाईल? माझेच वादन चोरले, हे तो सिद्ध कशाने करील?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. ते उपवाक्य कायद्यातून काढून टाकावे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या नोंदीत संयोजक व वादक यांची नावे सक्तीची करावीत, आणि उत्पन्नातील एक भाग त्यांच्या निधीत जावा. जुन्या ध्वनिमुद्रणांतील वादकांपैकी जे हयात आहेत, त्यांना विचारून नावे नोंदवून घ्यावीत. हे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही, कारण माणसे थांबत नाहीत.

आणि या मागण्या करण्याआधी आपण आपल्या घरातले कपाट उघडावे. प्रत्येक धर्मग्रामात जुन्या कॅसेटी, सीडी पडलेल्या असतात. त्यांच्या वेष्टनावर कोणाची नावे नाहीत, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढावे. पुढच्या गीतसंग्रहात पेटी वाजविणाऱ्या मुलाचे नावही छापावे. आमच्या त्या कॅसेटची एक प्रत माझ्यापाशी आहे. तिच्या वेष्टनावर वादकाचे नाव मी आता शाईने लिहिले आहे. पंचवीस वर्षे उशिरा, आणि एकाच प्रतीवर. बाकीच्या प्रती ज्यांच्या घरी असतील त्यांनी माझ्याकडे नाव विचारावे, मी सांगेन.